गर्भातील बाळाची वाढ : घरची चिंता आणि गावाचे काम

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सातवा महिना लागलेली स्त्री तपासणीसाठी उपकेंद्रात जाते. परिचारिका तिच्या पोटावर टेप धरते, कार्डावरील मागचा आकडा पाहते, पुन्हा एकदा मोजते आणि डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते आणि चार शब्द त्या स्त्रीच्या कानावर पडतात : "बाळाची वाढ कमी आहे." बाहेर रांग मोठी असते. त्या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्यास बहुधा कोणास सवड नसते. परतीच्या एस. टी.मध्ये ती ते चार शब्द मनात घोळवीत बसते. घरी पोचल्यावर सासू विचारते, डॉक्टर काय म्हणाले. शेजारीण सांगते, ग्रहणात विळी हातात धरली होतीस ना? दीर म्हणतो, खाते कुठे ती धड? नवरा गप्प बसतो. रात्रीपर्यंत त्या चार शब्दांचे आरोपपत्र तयार झालेले असते, आणि आरोपी एकच असतो.

गर्भातील बाळाची वाढ मंदावणे हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे आणि त्याचा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा आहे. परंतु त्या चार शब्दांनंतर घरात आणि गावात जे घडते, ते डॉक्टरांच्या हाती नसते. दोषी ठरविलेली स्त्री पुढच्या तपासणीला जाण्याचे टाळते, गोळ्या बंद करते, हालचाल मंदावली तरी बोलत नाही. या विषयात खरा धोका येथे आहे, कारण अशा गरोदरपणात बाळाचे रक्षण करणारी मुख्य गोष्ट म्हणजे वारंवार तपासणी व वेळेवर प्रसूती ही होय.

प्रथम त्या शब्दांचा अर्थ पाहू. बाळ लहान असणे आणि बाळाची वाढ खुंटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शंभर निरोगी बाळे वजनाप्रमाणे ओळीने मांडली, तर पहिली दहा बाळे लहान म्हणून गणली जाणारच. त्यांतील पुष्कळ बाळे केवळ चणीने लहान असतात. आईवडील ठेंगणे व सडपातळ असले, तर बाळही तसेच असावयाचे. त्या बाळांच्या वाढीची गती मात्र नियमित असते. उलट, एखाद्या बाळाची वाढ सहाव्या महिन्यापर्यंत उत्तम होते आणि नंतर रेषा वाकू लागते. आज त्याचे वजन फारसे कमी नसेल, पण काळजीचे बाळ हेच. म्हणून एका दिवसाच्या मापावरून निकाल देता येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजावे लागते आणि मधल्या काळात किती भर पडली ते पाहावे लागते. सोनोग्राफीत दिसणारे वजन हे काट्यावरचे वजन नसते. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी यांवरून केलेला तो अंदाज असतो आणि त्यात शेकडा दहा-पंधराची चूक सहज राहू शकते. कागदावर दोन किलो लिहिलेले बाळ प्रत्यक्षात पावणेदोन किलोचे असेल, किंवा सव्वादोन किलोचेही असेल.

दुसरी चूक महिन्यांच्या हिशेबातली. शेवटच्या पाळीची तारीख चुकीची सांगितली गेली असेल, तर पूर्ण वाढलेले बाळही चार आठवड्यांनी मागे पडलेले दिसते. पाळीची तारीख लक्षात ठेवण्याची सवय ग्रामीण भागात फारशी नाही. सणावारावरून, पेरणी-काढणीवरून ती सांगितली जाते. याकरिता पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदविणे आणि त्याच काळात एक सोनोग्राफी होणे फार उपयोगाचे. त्या वेळी काढलेले दिवस काही दिवसांच्या फरकाने बरोबर येतात. पुढे शंका निर्माण झाली, तर निवाडा त्या पहिल्या कागदावर होतो. सोनोग्राफीचे नाव निघताच काही गावांत आजही कुजबुज सुरू होते. १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग तपासण्यास व सांगण्यास बंदी केली आहे. बाळाची वाढ मोजण्यास बंदी नाही, एवढे सदस्यांनी आपापल्या वॉर्डात स्पष्ट करावे.

टेपचे माप तर अगदी साधे. जघनास्थीच्या वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत टेप धरावयाचा. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे, साधारण तितके सेंटीमीटर. तिसाव्या आठवड्यात तीस सेंटीमीटरच्या आसपास माप असावे. ते सत्तावीस किंवा त्याहून कमी आले, अथवा दोन तपासण्यांत वाढलेच नाही, की पुढची तपासणी हवी. बाळ आडवे असल्यास किंवा पाणी कमी-अधिक असल्यास माप फसवू शकते. टेप शंका उपस्थित करतो, निदान करीत नाही. तरीही शंकेचे हे साधन इतके स्वस्त आहे की ते वापरलेच गेले नाही, असे कोणत्याही उपकेंद्रात घडू नये.

येथे एका चालीरीतीचा विचार केला पाहिजे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती चांगलीच आहे. मुलीला विश्रांती मिळते, आईच्या हातचे खावयास मिळते, मन मोकळे करावयास माणूस मिळते. परंतु ती माहेरी जाते सातव्या किंवा आठव्या महिन्यात, आणि गर्भाची वाढ मंदावल्याचे बहुधा याच काळात ध्यानात येते. सासरच्या परिचारिकेकडचे आकडे मागे राहतात. माहेरची परिचारिका प्रथमच टेप धरते. पूर्वीचे माप समोर नसेल, तर वाढ थांबली आहे की बाळ मूळचेच लहान आहे, हे तिने कसे ठरवावे? ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून अवघड. हंगामाचे कित्येक महिने त्यांचा पत्ता कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील कुठली तरी कोपी हाच असतो. ओटी भरताना खणा-नारळाबरोबर माता-बाल संरक्षण कार्डही पिशवीत गेले पाहिजे. ते आले नाही, तर माहेरच्या गावातील आशा कार्यकर्तीने सासरच्या गावी दूरध्वनी करून सर्व आकडे उतरवून घ्यावेत. यास पैसा लागत नाही. ऊसतोडणीस जाणाऱ्या गरोदर स्त्रियांची यादी टोळी निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने तयार करून ज्या भागात त्या जाणार तेथील आरोग्य केंद्रास कळविली, तर कित्येकींचा सुटलेला धागा पुन्हा हाती येईल.

आता कारणांविषयी. बाळाचे पोषण वारेतून होते. वार नीट रुजली नसेल, किंवा रक्तदाब वाढल्याने तिच्यातील रक्तप्रवाह कमी झाला असेल, तर आईच्या ताटात पंचपक्वान्ने असली तरी ती बाळापर्यंत पोचत नाहीत. अशा वेळी गर्भ आपले रक्त मेंदूकडे वळवितो आणि यकृतातील साठा खर्च करतो. म्हणून डोके वाढलेले व पोट बारीक राहिलेले असे चित्र सोनोग्राफीत दिसते. वारेतील हा दोष कोणत्याही स्त्रीने खाण्यापिण्यात वा वागण्यात केलेल्या चुकीमुळे उत्पन्न होत नाही. ग्रहणाशी, विळीशी, पायगुणाशी त्याचा सुतराम संबंध नाही. आशा कार्यकर्तीने हे वाक्य सासूच्या समोर, तिचा मान राखून, पण स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. एखाद्या सासूला ते एकदा पटले, की तिच्याइतका खंबीर आधार त्या सुनेला दुसरा नसतो, हाही अनुभवाचा भाग आहे.

याखेरीज रक्तक्षय, हिवताप व इतर संसर्ग, जुळी बाळे, फार लहान वयातील गर्भारपण, दोन बाळंतपणांतील कमी अंतर आणि तंबाखू ही कारणे आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या बाळांच्या जन्मवजनाची नोंद मिळाली, त्यांपैकी शेकडा सुमारे अठरा बाळे अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची होती. तंबाखूच्या बाबतीत बिडी-सिगारेटपुरताच विचार करून चालणार नाही. आपल्याकडील स्त्रियांत मशेरीची सवय आहे आणि ती व्यसनात मोजली जात नाही. मुंबईत बाराशेवर गरोदर स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मशेरी, तंबाखू असे धूरविरहित पदार्थ वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी शंभर ग्रॅमहून थोडे अधिक कमी भरले. दात घासण्यासाठी म्हणून सकाळी हातावर घेतलेली ती चिमूट बाळाच्या वाट्यातून जाते.

आहाराबद्दल पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९० च्या दशकात झालेला अभ्यास मोलाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी तो केला. त्या गावांतील स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. एकूण किती उष्मांक व किती प्रथिने पोटात गेली यांच्याशी बाळाच्या आकाराचा ठळक संबंध तेथे दिसला नाही. मात्र ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेत, त्यांची बाळे मोठी होती, आणि पालेभाज्यांचा हा संबंध सर्वांत कृश मातांमध्ये अधिक स्पष्ट होता. ज्यांच्या अंगावर कष्टाची कामे अधिक, त्यांची बाळे लहान, असेही त्या अभ्यासात आढळले.

यावरून दोन गोष्टी निघतात. मेथी, चाकवत, राजगिरा, शेवग्याचा पाला यांना गरिबाचे खाणे म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. त्यांच्या जोडीला डाळ, शेंगदाणे-गूळ, दूध, आणि चालत असेल तेथे अंडे, एवढे ताट पुष्कळ घरांना परवडते. अडचण असते ती ताटावर बसण्याच्या क्रमाची. सर्वांचे उरकल्यावर उरलेसुरले खाण्याचा नियम गरोदरपणातही सुटत नाही. शिवाय बाळ मोठे झाल्यास बाळंतपण अडेल, या भीतीने काही घरांत शेवटचे दोन-तीन महिने स्त्रीला मुद्दाम कमी खाऊ घातले जाते. ही समजूत बाळाच्या वाढीच्या ऐन काळात घास काढून घेते. याउलट टोक म्हणजे डब्यातील महागडी प्रथिन-भुकटी. वाढ कमी आहे असे कळताच नवरा कर्ज काढून असे डबे आणतो. गुबगुबीत बाळाचे चित्र असलेल्या त्या डब्याने बाळ वाढते, असा पुरावा नाही. केवळ प्रथिनांचा भार वाढविण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करीत नाही. त्याच पैशांत महिनाभर दूध आणि अंडी येतील. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मात्र चुकवू नयेत. त्या चहाबरोबर घेऊ नयेत आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये.

दुसरी गोष्ट कष्टांची. डोहाळजेवणाच्या दिवशी तिला हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवितात, पाच सवाष्णी ओटी भरतात. आणि दुसऱ्या दिवशी तीच दोन हंडे घेऊन विहिरीच्या वाटेला लागते. पूर्ण वेळ अंथरुणाला खिळवून ठेवण्याने बाळाची वाढ सुधारते असे सिद्ध झालेले नाही, व तसा सल्लाही हल्ली सरसकट दिला जात नाही. पण पाणी भरणे, वाकून तासन्तास निंदणी-लावणी, मोळ्या उचलणे यांतून तिला मोकळी करणे आणि दुपारी दोन तास आडवे होऊ देणे, हे घराला जमण्यासारखे आहे. टंचाईच्या महिन्यांत टँकर किंवा नळ कोणत्या वस्तीवर आधी जावा हे ठरविताना, त्या वस्तीवर गरोदर स्त्रिया किती आहेत हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या सभेत क्वचितच विचारला जातो. तो विचारला जावा.

उपचारांबद्दल सांगावयाचे तर, गर्भातील बाळाचे वजन भराभर वाढवील असे औषध आज उपलब्ध नाही. 'ताकदीचे' सलाईन लावून घेण्यात पैसा जातो एवढेच. रक्तदाब, रक्तक्षय, हिवताप यांचे उपचार होतात. वाढत्या रक्तदाबाचा धोका असलेल्या काही स्त्रियांना डॉक्टर गरोदरपणाच्या आरंभीच ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. ती आपल्या मनाने घ्यावयाची नाही. मुख्य उपाय आहे तो योग्य वेळी प्रसूती करण्याचा. डॉप्लर तपासणीने नाळेतील रक्तप्रवाह कसा आहे ते कळते. प्रवाह ठीक असेल, तर बाळाला गर्भातच आणखी दिवस काढू देतात. तो खालावत चालला असेल, तर गर्भात राहण्यापेक्षा बाहेर येणे बाळाच्या हिताचे ठरते. चौतिसाव्या आठवड्यापूर्वी प्रसूती करावी लागण्याची शक्यता असल्यास बाळाची फुप्फुसे सज्ज व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देतात. "अजून दिवस भरले नाहीत, आताच कशाला?" असे म्हणून घरची मंडळी येथे अडून बसतात. आधीपासून कोणी समजावून सांगितले असेल, तर हा खोळंबा होत नाही.

घराने स्वत: ठेवावयाची नोंद एकच : बाळाची हालचाल. प्रत्येक आईला आपल्या बाळाची रीत ठाऊक असते. ती रीत बदलली, हालचाल मंदावली किंवा थांबली, तर सकाळची वाट पाहावयाची नाही. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे ही लक्षणेही तशीच. १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. ती वस्तीपर्यंत येऊ शकत नसेल, तर डांबरी सडकेपर्यंत कोणाची जीप न्यावयाची, हे सातव्या महिन्यातच ठरलेले असावे. प्रसूतीही अशा ठिकाणी व्हावी, जेथे नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे. जन्मलेले नाजूक बाळ मागाहून हलविण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच हलविणे केव्हाही सुरक्षित. दरमहा ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी अशा स्त्रियांनी चुकवू नये. अनुसूचित क्षेत्रांतील अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली २०१५ पासून गरोदर स्त्रियांना एक वेळचे ताजे, पूर्ण जेवण देण्याची योजना आहे. ते जेवण तिने अंगणवाडीतच बसून जेवावे हा हेतू आहे, कारण डबा घरी गेला की त्याचे चार वाटे होतात.

शिक्षकांचे काम याच्या बरेच आधी सुरू होते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला अल्पोपाहार रोज देण्यात आला. एकूण सर्वांचा विचार करता बाळांच्या वजनात निश्चित फरक दिसला नाही. परंतु गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी अधिक भरली. आकडा लहान आहे. त्याचा रोख मात्र सातवी-आठवीच्या वर्गातील मुलींकडे आहे. लोहाची साप्ताहिक गोळी वर्गात प्रत्यक्ष खाल्ली जाते का, वाढत्या मुलीच्या डब्यात काय असते, आणि दहावीनंतर जिचे नाव एकाएकी पटावरून कमी होते तिचे लग्न तर ठरलेले नाही ना, हे शिक्षकाला सर्वांआधी कळते. २०१९–२१ च्या त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी साधारण पाचांत एकीचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी झालेले होते. स्वत:चीच वाढ पुरी न झालेल्या मुलीच्या पोटी वाढणारे बाळ लहान राहण्याचा धोका अधिक.

बाळ जन्मले आणि ते लहान असले, म्हणून सारे संपले असे नाही. पहिल्या तासात आईचे दूध, ऊब आणि स्वच्छता यांवर अशी असंख्य बाळे तगली आहेत. बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरातील रुग्णालयात सुरू झाली, ती उबदार पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू केल्याने अशा बाळांचे मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. आई थकली तर आजीने, वडिलांनी बाळ छातीशी घ्यावे. वडिलांनी बाळाला असे घेणे आपल्याकडे अजून लाजेचे वाटते, पण रुग्णालयांच्या कक्षांतून ते दृश्य आता दिसू लागले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी शिक्षण दिलेल्या गावच्याच स्त्रियांनी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आणले, हे १९९९ मध्ये जगापुढे आले. आशा कार्यकर्तीच्या आजच्या घरभेटींच्या मुळाशी तोच प्रयोग आहे.

लहान जन्मलेल्या बाळाला लवकर गुटगुटीत करण्याची घाई मात्र नको. पुण्याच्या अभ्यासात असे दिसले की आपली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण त्या मानाने टिकून असते, आणि मोठेपणी मधुमेह व हृदयविकार यांकडे त्यांचा कल होऊ शकतो. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यातील परिचारिका १९११ पासून प्रत्येक बाळाचे वजन वहीत लिहीत असत. एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी ती शिस्त घालून दिली होती. त्या वह्या कित्येक दशकांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती आल्या. जन्मताना व पहिल्या वर्षाअखेर वजन कमी असलेल्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. वजन लिहिणाऱ्या परिचारिकांना याची कल्पनाही नव्हती.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर घरचे मऊ अन्न, आणि दरमहा अंगणवाडीत वजन, एवढे अशा बाळाला पुरते. अंगणवाडीतील तो काटा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी पंचायत सदस्याने महिन्यातून एकदा तेथे जावे आणि किराणा दुकानातील एक किलोचे वजन सोबत न्यावे.